पाताळरेलमधली माशिमा

मावशीनं कलकत्त्याला जायचं ठरवलं ते वर्तमानपत्रातल्या एका कात्रणावरून. हुगळीच्या तळाखालून मेट्रो धावायला लागली ती २०२४ च्या मार्चमध्ये. ती बातमी कापून तिनं देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती. "नदी बोटीनं ओलांडली, पुलावरनं ओलांडली, खालनं तेवढी राहिलीय," असं ती मला दर फोनला ऐकवायची. मी बँकेतून निवृत्त झाले आणि सबब संपली.

मावशी मिरजेची, वय चौऱ्याहत्तर. गुडघे दोन, त्यातला कामाचा एक. मी पुण्याची. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या मावसभावानं (मी त्याला दादा म्हणते), निघताना दोनच गोष्टी बजावल्या: आईला जिने चढू देऊ नकोस आणि कुणाशी बोलू देऊ नकोस. पहिली मी बऱ्यापैकी पाळली.

संक्रांत होऊन गेली होती आणि रथसप्तमी यायची होती. त्यामुळे मावशीच्या पिशवीत स्टीलचा डबा होता आणि डब्यात मोजून चाळीस तिळाच्या वड्या. "परक्या गावात कुणाला देणार?" असं मी विचारलंसुद्धा. "परकी माणसं नसतात होय तिथं?" हे तिचं उत्तर.

बुधवार, २१ जानेवारी २०२६

पुण्याहून विमान वेळेवर निघालं, वेळेवर पोचलं. विमानतळाला लागूनच 'जय हिंद' नावाचं मेट्रो स्थानक आहे. गेल्या ऑगस्टमध्ये ही पिवळी मार्गिका सुरू झाली. तिनं नोआपाड्यापर्यंत जायचं आणि तिथे गाडी बदलून जुन्या निळ्या मार्गिकेवर यायचं. सामान एकेकच बॅग असेल तर टॅक्सीच्या भानगडीत पडूच नका. तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं. स्मार्ट कार्ड मात्र माणशी एक घ्या, एकाच कार्डावर दोघी आत जाऊ म्हणाल तर फाटक अडवतं.

नोआपाड्याला जागा होती, दमदमला डबा खच्चून भरला. पाच माणसं पलीकडे बंगाली म्हणतात ती माकडटोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. तिथूनच त्यांनी कानात बोंडं घातलेल्या एका मुलाला हाक मारली, "ओ भाई, ओठो! माशिमा दाँडिये आछेन!" मुलगा ताडकन उठला. मावशी बसली. मग तिनं मला विचारलं, "त्याला कसं कळलं मी मावशी आहे ते?"

बंगालीत वयस्क बाईला सरसकट 'माशिमा' म्हणतात, म्हणजे मावशीच. पुढचे पाच दिवस अख्खं कलकत्ता तिला मी म्हणते तेच म्हणत होतं. थंडीचं म्हणाल तर आमच्यासाठी ती सुखाची गुलाबी थंडी होती. डब्यात मात्र शाली, मफलर आणि माकडटोप्यांचं संमेलन भरलेलं.

शेजारी शाल पांघरलेल्या एक बाई होत्या, मावशीहून थोड्या लहान. त्यांनी विचारलं, "कोथा थेके?" एवढं मावशीला कळलं. आता उत्तर 'महाराष्ट्र' द्यायचं, निदान 'मुंबईजवळ' तरी. मावशी म्हणाली, "मिरजेहून."

"मिर्जापूर?"

"नाही हो. मिरज. तिकडं सतारी करतात बघा."

सतार म्हणताच बाईंचा चेहरा बदलला. "मिरोज! तानपुरा!" असं म्हणून त्यांनी हवेतच तानपुरा धरला आणि चार तारा छेडल्या. त्यांच्या घरी मिरजेचा तानपुरा होता, आईच्या वेळेपासूनचा. भोपळ्याला तडा गेलाय, इथल्या कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही, असं काहीसं त्यांनी हिंदी-बंगालीत सांगितलं. मावशीनं मराठीत सांगितलं की सतारमेकरांची दुकानं आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि भोपळा नवा बसवता येतो. दोघींना एकमेकींचं सगळं कळलं की काहीच नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. तो तानपुरा आईला कुणी आणून दिला ते बाई सांगायला लागल्या. "एक जन छिलेन," एवढं म्हणून त्या थोडं लाजल्या, आणि आमचं जतीन दास पार्क आलं. तिळाची वडी त्यांच्या हातात कोंबून आम्ही उतरलो. मेट्रोत खायला मनाई आहे. त्यांनी वडी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलेली मी काचेतून पाहिली.

"कोण असेल गं तो?" मावशीनं सरकत्या जिन्यावर विचारलं. हा प्रश्न परत पुण्याला उतरेपर्यंत दिवसातून दोनदा येत राहिला.

मुक्काम हाजऱ्याला, महाराष्ट्र निवासात होता. जतीन दास पार्क स्थानकापासून चालत जाण्याजोगं. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण करून १९२९ साली प्राण सोडणाऱ्या क्रांतिकारकाचं नाव या स्थानकाला आहे. पुढे मास्टरदा सूर्य सेन, शहीद खुदिराम, गीतांजली. या मार्गाचा नकाशा वाचताना शाळेतलं इतिहासाचं पुस्तक चाळल्यासारखं वाटतं. मावशीनं मात्र एकच नाव पाठ केलं: "जतीन दास. आपलं घर." त्याचा उपयोग पुढे झाला.

गुरुवार, २२ जानेवारी

आज नदी. एस्प्लनेडला निळ्या मार्गिकेवरून हिरव्या मार्गिकेवर गाडी बदलली. ही गाडी वेगळ्याच जमान्यातली आहे. जुन्या मार्गिकेवर बहुतेक फलाट उघडे आणि त्यांना सवयीच्या घरासारखा एक वास. इथे काचेची दारं, चकचकीत फरशी. एस्प्लनेड, महाकरण आणि मग हावडा. महाकरण आणि हावडा यांच्यामध्ये हुगळी.

समोर एक आई आणि सात-आठ वर्षांचा मुलगा होता, गणवेशातला. महाकरण सुटल्यावर आईनं मोबाइल काढला. मुलानं पाठ ताठ केली, गाल फुगवले आणि नाक दाबून धरलं. बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे लागले: नदी आली. पाण्याखालचा हा टप्पा ५२० मीटरचा, गाडीला लागतात साधारण ४५ सेकंद. मुलाचा चेहरा लाल होत चालला. आई मोबाइलवर सेकंद मोजत होती. निळे दिवे संपले, मुलानं भुस्सकन श्वास सोडला आणि आजूबाजूच्या चार-पाच जणांनी, जणू रोजचंच असावं तशी, मान डोलावली.

आईनं सांगितलं की तो रोज शाळेतून येताना हे करतो. नदीखाली श्वास घेतला तर पाणी आत येतं, असं त्याला कुणीतरी मोठ्या मुलानं सांगितलंय. आता खोटं आहे हे त्याला कळलंय, पण सोडत नाही.

मावशीनं ठरवलं की आपणही करायचं. हावडा मैदानला उतरून आम्ही पुन्हा उलट गाडीत बसलो, फक्त यासाठी. ती अकराव्या सेकंदाला हरली. मी आणखी थोडी टिकले, पण शेजारच्या माणसानं काळजीनं "शरीर खाराप?" विचारल्यावर हसू फुटलं. मग परत हावड्याला, कारण बघायचं ते सगळं तिथेच होतं. थोडक्यात, नदी आम्ही एका तासात खालून तीनदा ओलांडली.

हावडा स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. वर येताना सरकत्या जिन्यावर एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी अभिमानानं ते आम्हाला इंग्रजीत सांगितलं. पुणेकराला हे ऐकून गप्प बसता येत नाही. आमचं सिव्हिल कोर्टचं स्थानकही ३३ मीटर खोल आहे, असं मी सांगून टाकलं. ते क्षणभर थांबले. "पण वर नदी आहे का?" आता मुठा नदी तिथून फार लांब नाही, हे मी सांगणार होते, पण मावशीनं हात ओढला. "पुरे की. पाहुणे आहोत आपण."

गुडघेदुखीवाल्यांसाठी: इतक्या खोल स्थानकात एका जिन्याऐवजी जिन्यांची माळ असते. खाली उतरल्या उतरल्या लिफ्ट कुठे आहे ते विचारून घ्या, मधल्या मजल्यावर विचारायला कुणी सापडत नाही.

हावड्याहून लाँचनं बागबाजारच्या दिशेला गेलो आणि कुमारटुलीत शिरलो. उद्या सरस्वतीपूजा. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या हंसांचे कळप, माना लांब करून वाळत ठेवलेले. हातगाड्यांवर सरस्वत्या चढत होत्या, घासाघीस चालली होती. मातीच्या भांडात चहा घेतला. या चहाला पहिला घोट मातीचा लागतो, आणि तोच खरा. बाहेर एका बाईकडे टपोरी बोरं होती. मावशीनं पाव किलो घेतली.

परतीला शोभाबाजार सुतानुटी स्थानकावर चढलो. समोर एक बाप मांडीवर हातभर सरस्वती घेऊन बसलेला. मूर्तीच्या तोंडाला वर्तमानपत्र गुंडाळलेलं. शेजारी दहाएक वर्षांची मुलगी, एक हात वीणेवर. मावशीनं पिशवीतून बोरं काढली आणि तिच्यापुढे ओंजळ धरली.

मुलगी मागे सरकली. विंचू दाखवल्यासारखी.

"पूजोर आगे कूल? फेल कोरे जाबो!"

बापानं हसत हसत समजावलं. सरस्वतीपूजेच्या आधी बोर खायचं नाही, नाहीतर विद्येची देवी रागावते आणि परीक्षेत नापास होतो. तो स्वतः एकदा चौथीत खाऊन बसला होता. "फिर?" मी विचारलं. "अंकगणित में गया," तो म्हणाला, आणि मूर्तीला सावरून घेतलं. मावशीला हे पटेना. आमच्याकडे संक्रांतीच्या दिवसांत पोरांच्या डोक्यावरून बोरं ओततात, बोरन्हाण म्हणतात त्याला, असं तिनं सविस्तर सांगितलं. मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. बहुधा महाराष्ट्रात पास कोण होतं याचा विचार करत असावी. शेवटी मावशीनं बोरं परत पिशवीत टाकली आणि दोन तिळाच्या वड्या दिल्या. मुलीनं आधी बापाकडे, मग सरस्वतीच्या झाकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि घेतल्या.

शुक्रवार, २३ जानेवारी

यंदा सरस्वतीपूजा आणि नेताजी जयंती एकाच दिवशी आली होती. सकाळी खाली उतरलो तर फलाट पिवळाधमक. मुली बासंती साड्यांत, बहुतेकींची साडी आईची असावी, कारण निऱ्या सांभाळताना तारांबळ चाललेली. मुलं ठेवणीतल्या झब्ब्यांत, नको इतकी गंभीर. बंगाली तरुणाईचा प्रेमदिवस हाच, असं नंतर कळलं. पूजेला पिवळं नेसायचं असं मावशीलाही काल कुणीतरी सांगितलं होतं म्हणून तिनं हळदी रंगाची इरकल नेसली होती.

नेताजी भवन एकच स्थानक पुढे. तिथे फलाटावर एक आजोबा भेटले, खादीचा झब्बा, हातात तिरंगी बिल्ला. ते कुणाची तरी वाट पाहत होते आणि आम्ही बाहेर पडायचं दार शोधत होतो.

"पहिली गाडी इथपर्यंतच यायची," ते हिंदीत म्हणाले. आम्ही विचारलं नव्हतं. "तेव्हा या स्टेशनाचं नाव भवानीपूर. चोवीस ऑक्टोबर, चौऱ्याऐंशी."

देशातली पहिली मेट्रो. एस्प्लनेड ते भवानीपूर, ३.४ किलोमीटर, पाच स्थानकं. पहिल्याच आठवड्यात ते, बायको आणि दोन्ही मुलं केवळ बसायला म्हणून आले होते. मुलांना वाटलं होतं की पाताळरेल आहे तर खाली राक्षस दिसतील. पण त्यांना सांगायचं होतं ते त्याआधीचं. इंदिरा गांधींनी १९७२ च्या डिसेंबरात कोनशिला बसवली आणि मग वरून रस्ता फोडून, खंदक खणून, पुन्हा झाकून हे काम बारा वर्षं चाललं. "माझं लग्न झालं तेव्हा चौरंगीत खड्डा. मुलगा झाला, खड्डा. मुलगी झाली, खड्डा. वडील गेले, तिरडीसुद्धा खड्ड्याला वळसा घालून न्यावी लागली." ते हसले. "आणि ती सुरू झाली, तर आठवड्याभरात इंदिराजीच गेल्या."

तेवढ्यात त्यांचा मित्र गाडीतून उतरला, तेवढाच म्हातारा, तसाच बिल्ला. दोघंही आमच्याकडे न बघता एल्गिन रोडच्या दिशेनं चालू लागले. आम्हीही त्यांच्या मागोमाग नेताजींच्या घरी गेलो. १९४१ च्या जानेवारीत ज्या गाडीतून ते निसटले ती वाँडरर गाडी तिथे ठेवलीय. गर्दीमुळे मला तिचा टप आणि मावशीला एक चाक दिसलं.

दुपारी महात्मा गांधी रोडला उतरून कॉलेज स्ट्रीट भागात भटकलो. एका कॉलेजच्या फाटकातून डोकावलो तर पोरांनी आत बसवूनच घेतलं. पत्रावळीवर खिचुरी, लाबडा म्हणजे आपली मिसळीची भाजी समजा, आणि बोरांची आंबटगोड चटणी. आता बोर चालत होतं. मावशीनं तीनदा घेतली.

आणि संध्याकाळी मी मावशी हरवली.

सहाची वेळ, महात्मा गांधी रोड, दक्षिणेकडे जाणारी गाडी. तिचा फोन माझ्या पर्समध्ये चार्जिंगला लावलेला. गाडी आली, मावशीला मी पुढे घातलं, मध्ये सात-आठ पोरींचा घोळका घुसला आणि दार बंद झालं. काचेपलीकडे मावशी. ती घाबरलेली नव्हती, हे मला अजून खटकतं. तिनं हाताचा तळवा हलवला, 'मागनं ये' असा, आणि गाडी गेली.

आमच्यात काही ठरलेलं नव्हतं. तुम्ही तरी ठरवून ठेवा: चुकामूक झाली तर पुढच्याच स्थानकावर उतरून थांबायचं, आणि वयस्क माणसाच्या पर्समध्ये आपला नंबर लिहिलेला कागद. हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. चाळीस मिनिटं घामानं भिजून शिकलेलं आहे.

मी पुढच्या गाडीनं सेंट्रलला उतरले. फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावले. रेल्वे पोलिसांतला एक जवान दिसला. त्यानं शांतपणे विचारलं, "काय घातलंय?"

"पिवळी साडी."

त्यानं फलाटाकडे पाहिलं. मी फलाटाकडे पाहिलं. पन्नास तरी पिवळ्या साड्या होत्या.

"और कुछ?" तो म्हणाला. बिचाऱ्यानं हसू दाबलं हे मला दिसलं, पण वॉकीटॉकीवर वर्णन मात्र नीट सांगितलं: वय सत्तरच्या पुढे, एका पायानं लंगडते, भाषा मराठी, हातात स्टीलचा डबा.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मिरजेहून दादा.

"आई कुठाय?"

"अरे, इथंच आहे..." मी म्हणाले.

"खोटं बोलू नकोस. घरच्या लँडलाइनवर कुणा पोरीचा फोन आलाय. काय बोलली देव जाणे. दिदा, दिदा, जतीन दास, असं काहीतरी. आणि मागनं आईचा आवाज, 'सांग त्याला, मी चहा घ्यायलेय.'"

मावशीला आयुष्यात एकच नंबर पाठ आहे, चाळीस वर्षांपूर्वी काकांनी घेतलेल्या लँडलाइनचा. दादा तो फोन बंद करायच्या मागे गेली दोन वर्षं लागला होता, आणि या महिन्यात अर्जही भरून ठेवला होता.

मी जतीन दास पार्कला पोचले तेव्हा मावशी वर रस्त्यावर, चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसली होती. दोन बाजूंना दोन पिवळ्या साडीतल्या मुली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या. त्यांना उतरायचं होतं मैदानला, जिथे कुणीतरी वाट पाहत होतं. 'कुणीतरी' म्हणजे कोण ते एकीच्या गालांवरून कळत होतं. ती दर दोन मिनिटांनी फोनकडे बघत होती आणि तरी उठत नव्हती. डब्यात त्यांनी मावशीला विचारलं, मावशीनं एकच शब्द सांगितला, "जतीन दास". मग त्या मैदान सोडून आणखी तीन स्थानकं तिच्याबरोबर आल्या.

मी आभार मानायला लागले तर फोनवाली म्हणाली, "ना ना, दिदार शाँगे गॉल्पो होच्छिलो." आजीशी गप्पा चालल्या होत्या. कसल्या गप्पा, कुठल्या भाषेत? मावशीला विचारलं. "ती त्या पोराबद्दल सांगत होती," मावशी म्हणाली. "घरी सांगितलं नाहीये अजून. मी म्हटलं, आधी नोकरी बघ, मग पोरगा."

दोघींना चार-चार वड्या मिळाल्या. त्यांनी मावशीला वाकून नमस्कार केला आणि साड्या गुडघ्यापर्यंत उचलून जिन्याकडे पळत सुटल्या.

शनिवार, २४ जानेवारी

माणसं काय सगळीच गोड नसतात. सकाळी दारात रेंगाळलो म्हणून एकानं मावशीवर डोळे वटारले: "ना नामले शोरून!" उतरायचं नाही तर बाजूला व्हा. बरोबरच होतं त्याचं. आणखी एका माणसाला मावशीनं वडी दिली, तर त्यानं वडी खिशात टाकून तिच्या हातावर दहा रुपयांची नोट ठेवली. त्याला ती फेरीवाली वाटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशीनं नोट निरखून पाहिली आणि कमरेला खोचली. "वड्या चांगल्या झाल्यात म्हणजे."

श्यामबाजारला निघालो होतो ते माझ्या हट्टानं. बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे, ती बघायची होती. गाडीत समोर एक आजी, जरीकाठाची पांढरी साडी, सोबत सून. गप्पा निघाल्या. यावेळी मी मावशीच्या आधी तोंड उघडलं आणि 'महाराष्ट्र' म्हणाले.

आजींनी कपाळावर हात मारला. "ओ मा! बर्गी!"

सून ओशाळली. आजी मात्र खुलल्या. बंगालमध्ये पिढ्यान् पिढ्या पोरांना झोपवताना जे गाणं म्हणतात, त्यात गाव निजतं आणि बर्गी देशात येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर रघूजी भोसल्यांचं घोडदळ. १७४१ पासून दहा वर्षं त्यांच्या स्वाऱ्या बंगालवर येत राहिल्या. गावं जळली, पिकं गेली, माणसं पळाली. कलकत्त्याच्या लोकांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, तोच मराठा डिच. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत आणि खंदकही कधी पुरा झाला नाही. आपल्या पुस्तकांत याच मोहिमा चौथाईच्या हिशोबात येतात, आकडे आणि तह. इथे त्या अंगाईत आहेत. आजी ती हळू आवाजात म्हणत होत्या, आमच्याकडे बोट दाखवत, आणि डबाभर माणसं हसत होती. एक कॉलेजकुमार मोबाइल बाजूला ठेवून शेवटच्या ओळीला सामील झाला.

मी हसले खरी, पण मान खाली गेली होती. गाण्यातला प्रश्न असा आहे की पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कशानं भरू? तो सारा मागणारे आम्ही.

मावशीला सगळं समजावून सांगावं लागलं. तिनं ऐकलं, डबा उघडला, दोन वड्या आजींच्या हातावर ठेवल्या आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला. झालं गेलं गंगेला मिळालं."

'गंगा' तेवढी आजींना कळली. त्यांच्याकडे हुगळीला गंगाच म्हणतात. त्यांनी वडी कपाळाला लावली आणि विचारलं, "खाजना दिच्छो?" सारा परत करताय?

श्यामबाजार आलं. उतरताना सुनेनं नोलेन गूळ कुठे चांगला मिळेल ते हातवारे करून सांगितलं. खजुराच्या रसाचा हा गूळ हिवाळ्यातच मिळतो. त्याचा संदेश खाल्ल्याशिवाय जानेवारीत कलकत्ता सोडू नका, आणि विमानात न्यायचा असेल तर कडक पाकाचाच घ्या, मऊ संदेश दुसऱ्या दिवशी उतरतो. गल्लीत बघण्यासारखं काही नाही. पाटीखाली मावशीचा फोटो काढला, वाळत घातलेल्या लुंग्यांसकट.

दुपारी हिरव्या मार्गिकेनं सॉल्ट लेकच्या करुणामयीला, पुस्तक मेळ्याला गेलो. एस्प्लनेड ते सियालदह हा टप्पा सगळ्यात शेवटी जोडला गेला. २०१९ मध्ये बोगदा खणताना बऊबाजारातली घरं खचली आणि काम रखडलं ते २०२५ पर्यंत. गाडी तिथून जाताना शेजारचा माणूस पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, "आमचं घर वर होतं." आम्ही काही विचारायच्या आत सियालदह आलं आणि गर्दीत तो दिसेनासा झाला. मेळ्याबद्दल काय सांगू, एवढी माणसं पुस्तकांसाठी रांगेत उभी बघून मला हेवा वाटला. मावशी एका बाकावर बसून राहिली. त्या माणसाचं वाक्य मी तिला भाषांतर करून सांगितलं होतं, त्यानंतर ती बराच वेळ बोलली नाही.

रविवार, २५ जानेवारी

रथसप्तमी. मावशीनं महाराष्ट्र निवासाच्या गच्चीवर सूर्याला दूध उतू घालून घेतलं. रविवारी निळ्या मार्गिकेवर गाड्या नऊच्या सुमारास सुरू होतात, सकाळचं विमान असेल तर टॅक्सीच करा. आमचं दुपारचं होतं. दक्षिणेकडे फिरणार असाल तर आणखी एक: कवी सुभाष स्थानक गेल्या जुलैपासून बंद आहे, निळी मार्गिका शहीद खुदिरामलाच संपते.

डब्यात तीन वड्या उरल्या होत्या. गाडी अर्धी रिकामी. मावशी प्रत्येक स्थानकावर चढणाऱ्या बायकांकडे बघत होती, शाल पांघरलेल्या जरा जास्तच निरखून. दमदम आलं, नोआपाडा आलं. तानपुरेवाल्या बाई काही चढल्या नाहीत. दोन वड्या आम्ही विमानतळावर खाल्ल्या. एक तिनं रुमालात बांधून ठेवली.

फेब्रुवारीत मी मिरजेला गेले तेव्हा संध्याकाळी दिवाणखान्यात तो काळा लँडलाइन वाजला. दादा उठला नाही. मावशी गुडघा धरत धरत गेली, रिसीव्हर उचलला आणि मराठीत सुरू झाली. मध्येच थांबायची, ऐकायची, हसायची. दहाएक मिनिटांनी रिसीव्हरवर हात ठेवून तिनं आम्हाला सांगितलं, "घरी सांगितलंन म्हणे तिनं. बाप चिडलाय, आई नाही."

दादानं भरून ठेवलेला अर्ज टीव्हीच्या कपाटावर तसाच पडला होता. त्याच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता.